तिसरा ठोका

कूलर बंद केला की
माझ्याकडे साधारण चार मिनिटं असतात.
पाचव्या मिनिटाला उत्पला आतून ओरडते,
सहाव्याला हेडफोनच्या गादीतून घाम
कानात उतरतो.
पंचेचाळीस डिग्री, इंदोरा, दुसरा मजला,
माइकला जुन्या मोज्याची टोपी.

स्क्रीनवर सोळा घरं.
एक, चार, सात, अकरा, तेरा.
पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन,
क्लावे म्हणजे एवढंच.
तरी आठवडा गेला.
नवव्या घरावर हात आपोआप पडायचा,
आणि तिथे तर काहीच नाही.

पहिल्या ट्रॅकवर सागवानाच्या दोन दांड्या.
कातून देताना इतवारीतल्या सुतारानं विचारलं,
पाळण्याला का?
दुसऱ्यावर निसारभाईनं कळमन्याहून आणलेली
संत्र्याची रिकामी पेटी.
तिच्यावर बसायचं आणि तिलाच बडवायचं:
तळहाताचं बूड, बोटं, चापट, बोटं,
शेवटचे दोन ठोके उघडे.
तिसऱ्यावर कूलरचा पत्रा,
चौथ्यावर बाटलीत मूठभर ज्वारी.

सगळं ओढून ग्रिडवर बसवलं.
एक दाणा इकडचा तिकडे नाही.
ऐकलं तर
शाळेची कवायत.

मग उलट्या कामाला लागलो.
ज्वारी सहा मिलिसेकंद पुढे,
बस सुटत असल्यासारखी.
पेटी अकरा मागे,
सावजी जेवून आलेल्या माणसासारखी.
क्लावेतला फक्त तिसरा ठोका, सातव्या घरातला,
नखभर मागे सरकवला
आणि ते चालायला लागलं.
रात्रीचा दीड वाजला होता.
मी उठून पाणी प्यायलो.

पेट्यांचं मी वाचलं होतं.
तिकडे ढोल हिसकावले, तेव्हा
गोदीतल्या माणसांनी सुक्या माशांच्या पेट्या बडवल्या.
आणि क्लावेच्या दांड्या म्हणे
जहाजाच्या फळ्या जोडायच्या खुंट्या.

आमच्याकडे कोणी हिसकावलं नाही.
आमच्या ते गळ्यातच घातलेलं होतं,
वरातीपुढे वाजव, मढ्यापुढे वाजव,
दाराबाहेर उभा राहून वाजव.
छप्पनच्या दसऱ्यानंतर
आज्यानं डफडं चुलीत घातलं.
बाबा तेव्हा सहा वर्षांचे,
कातडं जळाल्याचा वास अजून सांगतात.
पुढे आमच्या घरात काहीच वाजलं नाही,
ताटंसुद्धा हळू ठेवायचे.

म्हणून हेडफोन.
पण परवा जॅक निसटला
आणि चारही ट्रॅक एकदम खोलीत.

"कोणाच्या दारात वाजवून रायला रे?"
बाबा चौकटीत.
"कोणाच्याच नाही. घरातच."

लूप बंद करायला हात नेला,
तर ते मान उजवीकडे कलती करून ऐकत होते.
चौतीस वर्षं अजनीच्या शेडमध्ये
हातोडी मारून बोल्ट ऐकलेला कान.
लूप तीनदा फिरला.

"तो तिसरा ढिला आहे."
"मुद्दाम ठेवला."
"पूर्ण नाही. अर्धा आटा."
"हो, अर्धाच."
"इंजिनाला असा चालत नाही."
"हे इंजिन नाही, बाबा."
"ते दिसून रायलं मले."

मग त्यांनीच कूलरचं बटण दाबलं.
पंप खोकला, घरघरला,
आणि पट्टी सुरूच होती,
सगळं त्यात गेलं.
काढायला बसलो तर दोन तास जातील.

खोलीत दुसरी खुर्ची नव्हती.
गुडघे दुखतात म्हणत
ते संत्र्याच्या पेटीवर बसले.
"अजून एकदा लाव."

लावलं.
दोन्ही हात मांड्यांवर होते, पालथे.
मी स्क्रीनकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होतो.
शेवटपर्यंत
हात तिथेच होते.